सतरा नंबरच्या समोर कोण?

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सतरा नंबरच्या कॉम्प्युटरने ताईंना ओळखच दाखवली नाही. रोज बटण दाबलं की पडद्यावर त्यांची भाची यायची, पुढचे दोन दात पडलेली, खदखदून हसणारी. आज पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती : ‘स्वागत आहे. आपली भाषा निवडा.’ दुकानातून नुकत्याच आणलेल्या कोऱ्या कॉम्प्युटरने विचारावा तसा प्रश्न.

ताई उभ्याच राहिल्या. खांद्यावरची पर्ससुद्धा खाली ठेवायचं सुचलं नाही. कारखाना कृत्रिम पाय बनवणारा, ताई तिथल्या डिझाइनर, आणि त्या कॉम्प्युटरात त्यांचं अकरा महिन्यांचं काम होतं : जिना उतरताना दगा न देणारा गुडघा. शुक्रवारी मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर तो बघायला येणार होते.

“रिमोटसाहेबांना बोलवा,” मागून कोणीतरी म्हणालं.

रिमोटसाहेब म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. पूर्वी ते हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन लोकांच्या टेबलाखाली रांगायचे, उठताना हमखास डोकं आपटून घ्यायचे, आणि तेव्हा त्यांना कोणी साहेब म्हणत नसे. मग कारखान्याने नवी यंत्रणा घेतली. आता प्रत्येक कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावर जणू एक पहारेकरी बसलेला असे. कॉम्प्युटर बंद असो की बिघडलेला, भिंतीतली वीज आणि नेटवर्कची वायर तेवढी जोडलेली असली की तो पहारेकरी लांबून आलेला हुकूम ऐकायचा. चालू हो. बंद हो. पडदा दाखव. सगळं पुसून टाक आणि नव्याने सुरू हो. तेव्हापासून साहेब दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत बसून सगळा कारखाना हाकत, आणि कोणी ‘रिमोट’ म्हटलं की वरवर रागावून आत सुखावत.

त्यांनी एक नियम मात्र चांगला घातला होता. पुसण्याचा हुकूम देण्याआधी फोन करायचा आणि विचारायचं, “समोर कोण?” त्या कॉम्प्युटरसमोर उभ्या असलेल्या माणसाने आपण कोण ते सांगायचं, पत्र्यावर चिकटवलेला नंबर वाचायचा, पडदा बघायचा आणि “हाच” म्हणायचं. त्यानंतरच बटण. नियम त्यांनी स्वतः छापून स्वतः भिंतीवर लावला होता.

सोमवारी मात्र ते जिना उतरून स्वतः आले. सतरा नंबर बघितला, दोन कळा दाबल्या, आणि ताईंकडे न बघता म्हणाले, “पुसलाय. बिघडलेला नाही. कोणीतरी मुद्दाम पुसलाय.”

२

मालकीणबाईंच्या केबिनमध्ये अकरा वाजता सगळे जमले. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी चौकशी रिमोटसाहेबांवरच सोपवली होती, आणि साहेबांनी ती पाऊण तासात उरकलीसुद्धा होती.

“तीन गोष्टी आहेत,” ते म्हणाले. त्यांना तीन गोष्टी सांगायला आवडत. “एक. लांबून पुसला असता तर माझ्या यंत्रणेत सतरा नंबरच्या नावावर नोंद पडली असती. मी पाहिलं. पाच आठवडे एकही नोंद नाही, वही स्वच्छ कोरी. म्हणजे पुसणारा समोर बसून पुसून गेला. दोन. आपली रोजची राखीव प्रत सतरा नंबरपुरती पाच आठवडे निघालेलीच नाही. ती कोणीतरी थांबवली. आणि तीन...” ते थांबले.

तिसरी गोष्ट बाईंनी सांगितली. “फाटकावरच्या पहारेकऱ्याने शनिवारी ताईंना कागदांची मोठी गुंडाळी घेऊन बाहेर जाताना पाहिलं. आणि पलीकडच्या कंपनीने त्यांना बोलावलंय, हेही माझ्या कानावर आहे.”

“बोलावलं होतं. मी नाही म्हणाले,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. “साहेब, मी समोर नसताना माझा कॉम्प्युटर पुसता येतच नाही का?”

“येतो. पण मग नोंद राहते.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “त्या खोलीची किल्ली तुमच्याकडे, पासवर्ड तुमचा, खुर्ची तुमची. समोर कोण होतं ते सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे?”

दारात पक्कडकाका उभे होते. बिघडलेले कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करणारे हे जुने कारागीर, खिशात कायम पक्कड, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. ते खाकरले. “साहेब, त्या सतरा नंबरचं मी तुम्हाला...”

“काका, नंतर.”

बाईंनी ताईंना चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. ताई केबिनमधून निघाल्या तेव्हा बाहेरच्या वीस टेबलांवरची वीस डोकी एकदम आपापल्या कामात खुपसली गेली. ताईंनी मान खाली घातली होती, न केलेल्या गोष्टीची लाज वाटते तशी. साहेबांना ते दिसलं, आणि गुन्हेगाराचीच चाल आहे असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

३

साहेबांच्या घरी सासरे मुक्कामाला आले होते. अण्णा जन्मभर विजेच्या खांबांवर चढून तारा जोडणारे, त्यामुळे खुर्चीतल्या कामाला काम म्हणायची त्यांची तयारी नव्हती. आठ वर्षं ते जावयाला विचारत आले होते, “म्हणजे नक्की करता काय तुम्ही?”

म्हणून तर काल, रविवारी, नाश्त्याच्या टेबलावर साहेबांनी त्यांना करून दाखवलं होतं. कोठारात भंगारात जायला ठेवलेले जुने कॉम्प्युटर पुसायचेच होते. पक्कडकाकांनी शनिवारी ते कोठारात ओळीने मांडून वीज आणि नेटवर्क जोडून ठेवलं होतं आणि फोनवर सांगितलं होतं, “एकोणचाळीस जोडले.” साहेबांच्या यादीत चाळीस होते आणि पडद्यावरही चाळीसच्या चाळीस हजर दिसत होते. काकांचं वय झालं, असं म्हणून साहेब हसले होते. आधी त्यांनी अण्णांना चारपाच यंत्रांचा पडदा उघडून दाखवायचा प्रयत्न केला. सगळे काळेच आले. मग एकाचा उजळला, कसलातरी फोटो आला, आणि अण्णा चक्क “अरे वा” म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी कौतुकाने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. “अण्णा, बटण तुम्ही दाबा. चाळीस एकदम जातील.”

“तिकडे समोर कोण आहे?” अण्णांनी विचारलं होतं. “आमच्यात खांबावरच्या माणसाने हाक दिल्याशिवाय वीज सोडत नसत.”

“भंगार आहे हो. आणि आज रविवार. कोण उभा राहणार?”

“उंटावरून शेळ्या हाकायचं काम तुमचं,” असं पुटपुटत अण्णांनी बटण दाबलं होतं.

आज सोमवारी रात्रीच्या जेवणाला साहेबांनी ताईंची सगळी हकिकत रंगवून सांगितली. अण्णांनी निम्म्यावर घास थांबवला.

“पाच आठवड्यांत काहीच नोंद नाही?”

“अगदी कोरी वही.”

“कोऱ्या वहीचा मला भरवसा नाही. लाइनमनची वही कोरी निघाली की आम्ही ‘सगळं ठीक’ समजत नसू. लाइनमन कामावरच नाही असं समजायचो.”

साहेबांनी मान डोलावली आणि भाजी वाढून घेतली. म्हाताऱ्या माणसाला बोलू द्यावं एवढाच त्याचा अर्थ होता.

४

मंगळवारी त्यांनी सफाईवाल्या मावशींना बोलावलं. ताई रविवारी येऊन गेल्याचं कोणी पाहिलं असेल तर मावशींनीच, कारण रविवारी सकाळी कारखान्यात त्या एकट्याच असत. साहेबांना फक्त एक होकार हवा होता.

“नाही हो, ताई नव्हत्या आल्या,” मावशी म्हणाल्या. “खोली माझ्याकडच्या किल्लीने मी उघडली. खुर्ची रिकामी. पण साहेब, मी कोणाला बोलले नाही, लोक हसतील. तो कॉम्प्युटर आपोआप चालू झाला.”

“आपोआप म्हणजे?”

“मी फरशी पुसत होते. आधी आतला पंखा घुरघुरला. मग पडद्याला चारी बाजूंनी लाल-पिवळी किनार आली, लुकलुक करत होती. मला वाटलं करंट उतरला. तशीच बादली घेऊन बाहेर पळाले.”

रिमोटसाहेबांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. लांबून कोणी पडदा बघत असलं की त्या यंत्रणेतले कॉम्प्युटर अशीच किनार दाखवतात, समोर बसलेल्याला कळावं म्हणून. कारखान्यात ही गोष्ट दोघातिघांना ठाऊक होती. मावशींना ती ठाऊक असणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांना ती रचताही आली नसती.

“किती वाजले होते?”

“दहाला पाचदहा कमी. माझं ते टेबल दहाच्या आत होतं.”

म्हणजे सतरा नंबर लांबून पुसला गेला होता. ताई सुटल्या, पण नोंद नाही ती नाहीच. आणि हुकूम द्यायचा पासवर्ड जगात फक्त दोन ठिकाणी होता. एक साहेबांच्या डोक्यात. दुसरा बाईंच्या कपाटात, लाखेने बंद केलेल्या पाकिटात.

बाई दोन दिवस बाहेरगावी होत्या. बुधवारी संध्याकाळी त्या आल्या, कपाट उघडलं, पाकीट पुढे ठेवलं. लाख जशीच्या तशी होती. साहेबांनी ते चार वेळा उलटंपालटं केलं.

“म्हणजे मग कोण राहिलं?” बाईंनी विचारलं.



५

उत्तर गुरुवारी दुपारी एक वाजता आलं, आणि तेही न बोलावता.

दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत यंत्रणा कारखान्यातले सगळे चालू नोंदीतले कॉम्प्युटर आपोआप उठवून त्यांची डागडुजी करायची. झोपलेले असोत, बंद असोत, सगळे उठत. साहेब डबा उघडून नुसते बघत बसले होते. यादीत एकेका नंबरापुढे हिरवा ठिपका येत होता आणि त्याच्या वहीत एक नवी नोंद पडत होती. बारा. तेरा. चौदा. पंधरा. सोळा. अठरा.

मध्ये सतरा आलाच नाही.

दर गुरुवारी प्रत्येकाची एक नोंद पडायलाच हवी. पाच आठवड्यांत पाच. सतरा नंबरची वही स्वच्छ होती म्हणून सोमवारी त्यांनी एका बाईला सगळ्यांदेखत चोर ठरवलं होतं, आणि ती वही स्वच्छ असणंच अशक्य होतं. सतरा नंबर पाच गुरुवार उठलाच नव्हता. ताई मात्र रोज त्यावर काम करत होत्या.

लाइनमन कामावरच नव्हता.

साहेब डबा तसाच टाकून खाली कोठारात गेले. एकोणचाळीस जुने कॉम्प्युटर ओळीने मांडलेले होते, एकाहीजवळ पडदा नव्हता. पडदा जोडलेला नसला की लांबून काळंच दिसतं, हे त्यांना नवशिक्या असल्यापासून माहीत होतं. मग रविवारी एकाचा उजळला कसा? चाळिसाव्या कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा कोपऱ्यात वेगळा ठेवला होता, वायरी न जोडता. पत्र्यावर नंबर होता त्र्याऐंशी. त्यांनी तो उचलला आणि तोल जाऊन मागे सरकले, इतका तो हलका होता.

त्यांनी झाकण काढलं. आत मुख्य बोर्डच नव्हता. चार रिकामी भोकं आणि थोडी धूळ.

मागे पक्कडकाका येऊन उभे राहिले होते. “पाच आठवड्यांपूर्वी ताईंचा बोर्ड जळाला, साहेब. नवा यायला महिना लागणार होता, ताईंचं काम अडलं असतं. म्हणून त्र्याऐंशीतला काढून सतरात घातला. डबा तोच, डिस्क तीच, बोर्ड फक्त दुसरा.” काका घसा साफ करून पुढे म्हणाले, “तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. जिन्यात. तुम्ही फोनवर होता. ‘हो हो, नोंद करतो’ म्हणालात.”

साहेबांना जिना आठवला, फोन आठवला. काकांचं तोंड हलताना दिसलं होतं तेवढं आठवलं, शब्द एकही आठवेना. चिकटवलेला नंबर डब्याचा असतो, पण यंत्रणा ओळखते ती आतल्या बोर्डाला. त्या दिवसापासून ताईंचा कॉम्प्युटर डब्यावरून सतरा आणि यंत्रणेच्या लेखी त्र्याऐंशी होता. राखीव प्रत रोज सतराला शोधून परत फिरत होती. आणि त्र्याऐंशी भंगारच्या यादीत होता. काकांचे एकोणचाळीस बरोबर होते.

साहेबांनी तिथूनच घरी फोन लावला.

“अण्णा, रविवारी तो पडदा उजळला त्यावर फोटो कसला होता?”

“तुम्ही नाही पाहिलात?”

“नाही. मी तुमच्याकडे बघत होतो.”

“एक पोरगी होती,” अण्णा म्हणाले. “पुढचे दात पडलेली. हसत होती.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा चार दिवस वळसा घालून ते आपल्याच काखेपाशी पोहोचले होते. शरमेने त्यांचे कान तापले, मग गाल, मग डोळे. ते एका भंगार डब्यावर बसले. सोमवारी केबिनमध्ये त्यांनी चष्मा कसा पुसला होता, ज्योतिष्याचा विनोद कसा केला होता, सगळं एकामागून एक आठवत गेलं.

“साहेब,” काका हळूच म्हणाले, “माझ्यावर घाला. काकांनी सांगायचं राहिलं म्हणा. मला तीन महिनेच काढायचेत. माझं काय वाकडं होणार?”

क्षणभर, अगदी क्षणभर, साहेबांनी त्या वाक्याचा हिशोब केला. ते पटण्यासारखं होतं. कोणी तपासलं नसतं, कारण तपासणारे तेच होते. तो क्षण त्यांना पुढे कधी विसरता आला नाही, आणि बाकी सगळ्यापेक्षा त्याचीच लाज जास्त वाटत राहिली.

“नको काका,” ते म्हणाले. “मला ताईंचा पत्ता द्या.”

६

दार ताईंच्या आईने उघडलं. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्हीच का ते?” असं म्हणून त्या आत गेल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

ताई जेवणाच्या टेबलापाशी होत्या. टेबलभर मोठे कागद पसरले होते, कोपऱ्यांवर वाट्या ठेवलेल्या, आणि कागदांवर पेन्सिलीने बारीक दुरुस्त्या. गुडघ्याचाच नकाशा होता, शनिवारपर्यंतचा.

“हीच ती गुंडाळी?” साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

“हीच. एवढा गुडघा पडद्यावर एका नजरेत मावत नाही, म्हणून छापून घरी आणते. दर शनिवारी.”

“मग सोमवारी सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत?” ताई म्हणाल्या. “आणि एकदा चोर म्हटल्यावर कागद काढून दाखवायचा म्हणजे चोरीचा माल दाखवायचा. घरी येऊन रडले आणि कामाला लागले.”

साहेबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. जिना, बोर्ड, रविवारचा नाश्ता, अण्णांचा प्रश्न, आपलं हसणं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, “माझं चुकलं. मला माफ करा.”

ताईंनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. “ज्या खोलीत बोललात,” त्या म्हणाल्या, “त्याच खोलीत बोला. तेवढीच माणसं बोलवा. इथे आईसमोर बोलून मला काय उपयोग? ती आधीही मला चोर समजत नव्हती.”

७

शुक्रवारी सकाळी ते बोलले. केबिनचं दार त्यांनी उघडं ठेवायला लावलं, म्हणजे बाहेरच्या वीस टेबलांनाही ऐकू जाईल. मावशी बादली घेऊन दारात थांबल्या. तीन गोष्टी आहेत असं ते या वेळी म्हणाले नाहीत. एकच होती. काका मध्ये बोलायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, “नाही काका, आत्ता माझं ऐका. तुमचं मी ऐकलं नव्हतं, त्याचंच सांगतोय.” राजीनाम्याचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

बाईंनी तो वाचला आणि परत सरकवला. “आधी त्यांचा कॉम्प्युटर उभा करा. मग जायचं का नाही ते बघू. मीही त्यांना काही विचारलं नव्हतं.” मग त्यांनी इस्पितळात फोन लावून एक आठवडा मागून घेतला. डॉक्टर कुरकुरले, पण दिला.

सतरा नंबर पुन्हा एकदा पुसून, नव्या ओळखीने यंत्रणेत घेऊन, पाच आठवड्यांपूर्वीची राखीव प्रत त्यात परत भरायची होती. बाकीचं काम गुंडाळीवरून हाताने. साहेब दुसऱ्या मजल्यावर आपल्या खुर्चीत बसले. शेजारी पक्कडकाका होते. साहेबांनी फोन उचलून खाली लावला. हा प्रश्न त्यांनी शेकडो वेळा विचारला होता.

“समोर कोण?”



“तुम्हीच सांगा,” ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “सोमवारी तर तुम्हाला ज्योतिष्याचीही गरज पडली नव्हती.”

साहेबांनी फोन कानाला तसाच धरला. पडद्यावर बटण तयार होतं, बोट त्यावर होतं. भिंतीवर त्यांनीच छापलेला नियम होता. त्यांनी बोट उचललं, खुर्ची मागे सरकवली आणि फोन पक्कडकाकांच्या हातात दिला.

“काका, बटण तुम्ही दाबा. मी हाक दिल्यावर.”

ते दोन मजले उतरून गेले. वीस टेबलांच्या मधून जाताना या वेळी कोणी मान खाली घातली नाही, सगळे बघत होते. ताईंनी खुर्ची बाजूला घेतली. रिमोटसाहेब सतरा नंबरच्या समोर गुडघे टेकून बसले, टेबलाखाली डोकं घालून, झाकण काढून आतल्या बोर्डावरचा नंबर वाचला, आणि उठताना पूर्वीसारखंच डोकं आपटून घेतलं. ताईंनी फोन त्यांच्यापुढे धरला.

“समोर मी आहे, काका,” ते म्हणाले.